पिकअप थरथरते तेव्हा: प्रोपेलर शाफ्टचा दोष कसा शोधायचा

भरलेली पिकअप पहिल्या गिअरमध्ये उचलताना पायाखाली धडधड होते. किंवा रिकामी गाडी ६०-७०च्या पुढे नेली की सीट थरथरते आणि आतला आरसा धूसर होतो. अशी गाडी गॅरेजला नेली की बहुतेक वेळा पहिला इलाज ठरलेला असतो: क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला अधिकच्या खुणेसारखा तुकडा) बदला. क्रॉस बदलून होतो, मग सेंटर बेअरिंग, मग क्लच प्लेट, आणि थरथर तशीच राहते. हा खर्च टाळता येतो, कारण शाफ्टचा हादरा कधी, किती वेगाला आणि किती वजनाला येतो यावरून त्याचं मूळ बरंचसं कळतं. पाना हातात घेण्याआधी हे टिपून ठेवायला शिकावं. नवशिक्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काम तेच आहे.

इथे डोळ्यासमोर आहे ती बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धासारखी गाडी: मागच्या चाकांना ताकद, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), आणि लांबी जास्त असल्यास दोन तुकड्यांचा शाफ्ट.

आधी शाफ्ट समजून घ्या

गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजपासून (बोल्ट लावायच्या चकतीपासून) डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) पुढच्या फ्लँजपर्यंत जो पोकळ नळीचा दांडा फिरतो, तो प्रोपेलर शाफ्ट. लांब नळी एका ठरावीक वेगानंतर स्वतःच धनुष्यासारखी वाकू लागते, आणि नळी जितकी लांब तितका हा वेग झपाट्याने खाली येतो. म्हणून लांब गाडीत शाफ्टचे दोन तुकडे करतात आणि मधे चासीच्या आडव्या पट्टीला रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग देतात. अशा शाफ्टला तीन जॉइंट असतात: गिअरबॉक्सपाशी पहिला, सेंटर बेअरिंगमागे दुसरा, डिफरन्शियलपाशी तिसरा. शिवाय एक स्लिप जॉइंट असतो, म्हणजे एकमेकांत सरकणाऱ्या खाचा. पाटे खालीवर झाले की शाफ्टची लांबी बदलावी लागते, ते काम या खाचा करतात.

आता मुख्य गोष्ट. क्रॉसचा जॉइंट सरळ रेषेत नसेल, तर एका बाजूने सारख्या वेगाने फिरवला तरी दुसरी बाजू सारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा थोडी पुढे पळते आणि दोनदा थोडी मागे राहते. कोन ३ अंश असेल तर हा फरक सुमारे ०.१४ टक्के, ६ अंशांना सुमारे ०.५५ टक्के. म्हणजे कोन दुप्पट, तर त्रास चौपट. यावर उपाय असा की जोडीतल्या दोन जॉइंटचे कोन सारखे ठेवायचे आणि त्यांचे योक (क्रॉसला दोन कानांत धरणारे दुबेळके) एकाच पातळीत बसवायचे. मग एकाची चूक दुसरा भरून काढतो.

यातून निदानाची किल्ली मिळते. नळी वाकलेली असेल, बॅलन्सचं वजन पडलं असेल किंवा चिखल चिकटला असेल, तर शाफ्टच्या एका फेऱ्याला एक हादरा येतो. कोन बिघडले असतील किंवा योक चुकीच्या खाचेत बसले असतील, तर एका फेऱ्याला दोन.

आकडे मांडून पाहू. २१५/७५ आर १५ मापाचा टायर वजनाखाली एका फेऱ्यात साधारण २.१५ मीटर पुढे जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळपास ८ फेरे घेतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.१ धरलं तर शाफ्ट सेकंदाला सुमारे ३२ फेरे घेतो. म्हणजे टायरचा दोष सेकंदाला ८ हादरे देईल, शाफ्टच्या बॅलन्सचा दोष ३२, आणि कोनाचा दोष ६४. आठ हादरे डोळ्यांना दिसतात, गाडी डुलल्यासारखी वाटते. बत्तीस हे सीटमध्ये आणि आरशात थरथर म्हणून जाणवतात. चौसष्ट अंगापेक्षा कानाला जास्त कळतात, केबिनमध्ये घूं-घूं असा घोगरा आवाज भरतो. आपल्या गाडीच्या टायरचं माप आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर घेऊन हे गणित एकदा स्वतः करून ठेवा.

रस्त्यावरची चाचणी

गाडीखाली शिरण्याआधी हे करायचं. सकाळचा मोकळा, सपाट रस्ता निवडा. आधी चारही टायरची हवा कंपनीच्या आकड्याप्रमाणे भरा, नाहीतर पुढची सगळी चाचणी फसवी ठरते. शेजारी एक माणूस वही घेऊन बसू द्या, चालवणाऱ्याने लिहू नये.

हळूहळू वेग वाढवा आणि थरथर कोणत्या आकड्याला सुरू होते, कुठे सर्वांत जास्त असते आणि कुठे विरते ते लिहा. मग त्याच वेगाला गिअर बदलून पाहा. ताशी ५५ला चौथ्यात जी थरथर आहे तीच तिसऱ्यातही तशीच राहिली, तर इंजिन दोषी नाही. इंजिनचे फेरे बदलले, रस्त्याचा वेग बदलला नाही, आणि थरथर रस्त्याच्या वेगाशी बांधलेली राहिली.

त्यानंतर न्यूट्रलची चाचणी. त्रासाच्या वेगापेक्षा थोडं वर जा, क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी आपोआप मंदावू द्या. किल्ली कधीही बंद करायची नाही. इंजिन थांबलं की ब्रेकची मदत जाते, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं, आणि स्टिअरिंगचं लॉक पडू शकतं. न्यूट्रलमध्येही तितकीच थरथर असेल तर चाक किंवा शाफ्टचा बॅलन्स बघायचा. न्यूट्रल केल्याबरोबर ती निम्म्याहून कमी झाली तर ताकदीचा संबंध आहे, म्हणून कोन, झिजलेला जॉइंट किंवा डिफरन्शियलच्या पिनियनकडे (शाफ्टने फिरणाऱ्या त्याच्या पुढच्या गिअरकडे) लक्ष द्यायचं. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना एक तऱ्हा आणि सोडताना दुसरी तऱ्हा असेल तरी हेच.

थरथर कुठे जाणवते तेही टिपा. स्टिअरिंग हातात हलत असेल तर पुढची चाकं आधी बघा. सीट, फरशी आणि मागचा हौदा हलत असेल तर मागची चाकं आणि शाफ्ट.

शेवटी वजन. तीच फेरी रिकाम्या आणि भरलेल्या गाडीने करा. फक्त रिकाम्यात त्रास असेल किंवा फक्त भरलेल्यात, तर ते कोनाचं ठळक लक्षण आहे, कारण वजनाने पाटे दबतात आणि शाफ्टचा उतार बदलतो. बॅलन्सचा दोष वजन असो वा नसो, साधारण सारखाच त्रास देतो.

उचलतानाची धडधड: क्लच की शाफ्ट?

या दोन गोष्टींची गल्लत सर्वांत जास्त होते आणि सर्वांत महागात पडते, म्हणून इथे थोडं थांबू.

क्लचचा हादरा क्लच घसरत असतानाच येतो. पाय अर्धा सुटेपर्यंत गाडी कापते, पाय पूर्ण सुटला की शांत. प्लेटला तेल लागलेलं असतं, फ्लायव्हीलवर जळल्याचे निळसर डाग पडलेले असतात, किंवा इंजिनचं नाहीतर गिअरबॉक्सचं माउंटिंग फाटलेलं असतं. माउंटिंग आधी बघा, ते स्वस्त आहे. बॉनेट उघडून एकाला हँडब्रेक आणि ब्रेक दाबून पहिल्या गिअरवर क्लच किंचित सोडायला सांगा. समोर कोणी उभं राहायचं नाही, बाजूने बघायचं. इंजिन एका बाजूने खूप उचललं गेलं तर रबर गेलेलं आहे.

शाफ्टचा हादरा क्लच पूर्ण सुटल्यावरही चालू राहतो, साधारण ताशी १० ते ३० किलोमीटरमध्ये, चढावर आणि वजन घेऊन जास्त. त्यामागचं कारण असं. पहिल्या गिअरमध्ये शाफ्टवर इंजिनच्या जवळपास चौपट जोर येतो. त्या जोराने मागचं हौसिंग (मागच्या धुऱ्याचं कवच) पाट्यांसकट पिळलं जातं आणि पिनियनचं तोंड वर उचलतं. तिसऱ्या जॉइंटचा कोन बदलतो, दुसऱ्याचा तसाच राहतो, आणि एकमेकांची चूक भरून काढणं थांबतं. शिवाय कोनात वाकलेला जॉइंट जोराखाली सेंटर बेअरिंगला प्रत्येक फेऱ्यात दोनदा आडवा धक्का देतो. ताशी १५ला शाफ्ट सेकंदाला ८ फेरे घेतो, म्हणजे १६ धक्के. फरशीवर ठेवलेल्या पायाला ते स्पष्ट लागतात. सेंटर बेअरिंगचं रबर मऊ पडलं किंवा फाटलं असेल तर हे कितीतरी वाढतं. क्लच बदलून हा हादरा जात नाही.

गाडीखाली जाताना

इथे घाई नको. जमीन सपाट आणि पक्की हवी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. मागून उचलायची असेल तर स्टँड मागच्या हौसिंगखाली, पाट्यांच्या जवळ लावा. चासीखाली लावले तर धुरा खाली लोंबतो आणि शाफ्टचे सगळे कोन बदलतात.

एक गोष्ट नवशिक्यांना माहीत नसते: शाफ्ट काढला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीही घरंगळते, कारण गिअरबॉक्स आणि चाकांचा संबंध तुटलेला असतो. ठोकळे आधी, बोल्ट नंतर. इंजिन चालू ठेवून फिरत्या शाफ्टखाली जायचं नाही, कोणी कितीही सहज सांगितलं तरी. गळ्यातला रुमाल किंवा सैल बाही शाफ्टला अडकली तर हात सोडवायला वेळ मिळत नाही.

आधी नुसतं बघा. नळीला पोचा आहे का? कडेला वेल्ड केलेल्या छोट्या पत्र्याच्या चकत्या म्हणजे बॅलन्सची वजनं. त्यातली एखादी पडली असेल तर तिथे चौकोनी गंजका ठसा दिसतो. उसाच्या फडातून किंवा भातखाचरातून आलेल्या गाडीच्या शाफ्टवर एका बाजूला चिखल वाळून बसतो, तेवढ्याने थरथर येते. आधी पाण्याने धुऊन घ्या, मग पुन्हा चाचणी करा. तळाला डांबरी लेप मारताना शाफ्टवर ओघळ उडाले असतील तर तेही खरवडून काढा. क्रॉसच्या टोकांवरच्या कपाभोवती तांबूस, कोरडी पूड दिसली की आतल्या सुयांना (बेअरिंगच्या बारीक रोलरना) ग्रीस मिळत नाही आणि गंज चालू आहे, असं समजावं.

आता हाताने तपासा. हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल. चाकांना ठोकळे असल्याशिवाय हे करायचं नाही. जॉइंटच्या दोन्ही बाजूंचे योक दोन हातांत धरून उलट दिशांना पिळा. मग टॉमी (उचकटायची लोखंडी सळई) लावून वर-खाली उचकटून बघा. क्रॉस आणि कपामध्ये डोळ्याला दिसेल इतकी हालचाल झाली तर क्रॉस गेला. दोन्ही योक मिळून थोडे फिरत असतील तर ते डिफरन्शियलच्या दातांमधलं अंतर आहे, थोडं असणं स्वाभाविक आहे. पिनियनचा फ्लँज मात्र वर-खाली अजिबात हलता कामा नये. हलला तर पिनियनचं बेअरिंग गेलंय किंवा नट सैल आहे. तो नट जोर लावून आवळून टाकू नका. त्यावर बेअरिंगचा ताण ठरलेला असतो, तो चुकला तर काही दिवसांत डिफरन्शियल रडायला लागतं. ते काम जाणत्या हातालाच द्यावं.

सेंटर बेअरिंगचं रबर सगळीकडून बघा, वरच्या बाजूलाही. आरसा आणि टॉर्च घ्या, कारण चीर बऱ्याचदा वरून सुरू होते. टॉमीने शाफ्ट हलकेच उचला. रबर मऊपणे दबलं तर ठीक. लोखंड ब्रॅकेटला टेकलं तर बदला. मागची चाकं उचललेली असताना शाफ्ट हाताने फिरवा आणि ब्रॅकेटवर बोटं ठेवा, खरखर बोटांना कळते.

स्लिप जॉइंटच्या खाचांमध्ये आडवा खुळखुळा आहे का, आणि उलट, त्या सुकून अडकल्या आहेत का, दोन्ही बघा. अडकलेली खाच लांबी बदलू देत नाही. मग सिग्नलला थांबताना किंवा निघताना मागून एक गचका येतो आणि सेंटर बेअरिंग पुढेमागे ओढलं जातं. त्याच फेरीत धुरा पाट्यांना आवळणारे यू-बोल्ट, पाट्यांचा सेंटर बोल्ट आणि मुख्य पाटा तपासा. सेंटर बोल्ट तुटला तर धुरा सरकतो. पाट्याच्या पुढच्या पिनपासून धुऱ्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजलं की लगेच कळतं.

वाकलेली नळी

डायल गेजचं चुंबक चासीला लावा, टोक नळीवर टेकवा आणि शाफ्ट एक पूर्ण फेरा हाताने फिरवा. गंज आणि रंगाची पोपडी आधी घासून घ्या. दोन्ही टोकांजवळ आणि मधे मोजा. साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर निश्चिंत राहा. एक मिलिमीटरच्या वर गेलं तर शाफ्ट उतरवून शाफ्टच्या दुकानात न्या. मर्यादेचा नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तोच अंतिम. डायल नसेल तर जाड तार चासीला बांधून तिचं टोक नळीपाशी आणा आणि फटीत फिलर गेज घालून सर्वांत कमी व सर्वांत जास्त अंतर मोजा. काम होतं.

कोन मोजणं

महाराष्ट्रात पिकअपला पाटे वाढवणं फार चालतं. कांदा, टोमॅटो, ऊस, वाळू, जे भरायचं ते जास्त भरता यावं म्हणून. पाटे वाढवून देणारा शाफ्टकडे बघतही नाही, आणि महिन्याभराने मालक थरथरीची तक्रार घेऊन येतो. पाटे वाढवल्यावर कोन मोजलेच पाहिजेत.

चुंबकाची डिजिटल कोनमापी घ्या. फोनमधलं लेव्हल चालेल, पण तो दर वेळी सारख्या बाजूने टेकवा. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर, आणि ज्या वजनाला त्रास होतो त्याच वजनाने भरलेली हवी. चार उतार मोजा: गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजचा, पुढच्या शाफ्टचा, मागच्या शाफ्टचा, पिनियनच्या फ्लँजचा. फ्लँजचं तोंड उभं असतं, त्यामुळे त्यावर ठेवलेल्या मापातून ९० वजा करून अक्षाचा उतार काढा. शेजारच्या दोन उतारांमधला फरक म्हणजे त्या जॉइंटचा कोन.

उदाहरण घेऊ. सगळे उतार मागे खाली जाणारे आहेत: गिअरबॉक्स ३.०, पुढचा शाफ्ट ३.६, मागचा शाफ्ट ६.१, पिनियन ३.४ अंश. तर पहिला जॉइंट ०.६, दुसरा २.५, तिसरा २.७. दुसऱ्या आणि तिसऱ्यात फरक ०.२. हे उत्तम. धोरण असं ठेवा: दुसरा आणि तिसरा एकमेकांपासून १ अंशाच्या आत, दोन्ही शक्यतो ३ अंशांच्या आसपास, आणि पहिला दीड अंशापेक्षा कमी. पण कुठलाच जॉइंट शून्यावर नको. निदान अर्धा अंश हवा, नाहीतर सुया एकाच जागी उभ्या राहून कपात आणि क्रॉसवर खाचा पाडतात.

आता पाटे वाढवले आणि रिकामी गाडी मागून ४० मिलिमीटर उचलली गेली. मागचा शाफ्ट एक मीटर लांब धरला तर त्याचा उतार सुमारे २.३ अंशांनी वाढून ८.४ होतो. दुसरा जॉइंट ४.८, तिसरा ५.०. सारखे आहेत, पण मोठे आहेत, म्हणून रिकाम्या गाडीत वेग घेतला की घूं-घूं सुरू होते. हे बघून कोणीतरी पिनियनचं तोंड शाफ्टच्या रेषेत आणायला २ अंशांची पाचर घालतो. पिनियन ५.४ झाला, तिसरा जॉइंट ३.०, दुसरा तसाच ४.८. आता फरक १.८ अंश. एक कोन कमी केला म्हणून बरं वाटतं आणि थरथर वाढते. दोन टोकांना क्रॉसचेच जॉइंट असताना पिनियन शाफ्टकडे रोखायचा नसतो, त्याला गिअरबॉक्सच्या रेषेला समांतर ठेवायचं असतं.

पाचर घालायचीच वेळ आली तर दिशा नीट समजून घ्या. पाटे धुऱ्याच्या वर असतील आणि पाचरीची जाड कड मागे ठेवली, तर पिनियनचं तोंड वर जातं. जाड कड पुढे ठेवली तर खाली जातं. पाटे धुऱ्याखाली असतील तर सगळं उलट. पाचर पोलादी घ्या, तिच्या मधल्या छिद्रातून सेंटर बोल्ट गेलाच पाहिजे. यू-बोल्टचे नट नवे घाला, फुलीच्या क्रमाने थोडे थोडे आवळा, आणि भरलेल्या गाडीने सुमारे ५०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासा.

दुसरी जागा सेंटर बेअरिंगची. त्याच्या ब्रॅकेटखाली कधी कधी कंपनीनेच चकत्या दिलेल्या असतात. ब्रॅकेट काढताना त्या किती होत्या आणि कुठल्या बाजूला होत्या, याचा फोटो घ्या. त्या हरवल्या की मूळ कोन गेला. ५ मिलिमीटरची चकती घालून बेअरिंग खाली आणलं, तर ७०० मिलिमीटरच्या पुढच्या शाफ्टचा उतार ०.४ने वाढतो आणि एक मीटरच्या मागच्या शाफ्टचा ०.३ने कमी होतो. म्हणजे दुसरा जॉइंट ०.७ने घटतो. उचलतानाच्या धडधडीवर ही छोटी चकती अनेकदा मोठं काम करते. तरी एका वेळी ३ ते ५ मिलिमीटरच बदला, पुन्हा मोजा, पुन्हा चालवा.

खुणा आणि योक

शाफ्ट उतरवण्याआधी पांढऱ्या रंगाने प्रत्येक सांध्यावर रेघ ओढा: फ्लँज आणि योक, स्लिप जॉइंटच्या दोन्ही बाजू, सेंटर बेअरिंगमागचा योक आणि त्याची खाच. खडू पुरत नाही, ग्रीसच्या हाताने पुसला जातो. अनेक शाफ्टवर कंपनीने बाण कोरलेले असतात, ते समोरासमोर आले पाहिजेत. स्लिप जॉइंट एका खाचेने जरी चुकला तरी योक एका पातळीत राहत नाहीत, आणि नवा क्रॉस, नवं बेअरिंग, सगळं घालूनही गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालते. "काम केल्यावरच थरथर सुरू झाली" अशी तक्रार असेल तर सर्वांत आधी हीच जागा बघा.

क्रॉस बदलणं

दोन्ही तुकडे मोकळे झाल्यावर जॉइंट हाताने दोन्ही दिशांना हलवून बघा. चांगला क्रॉस हलक्या, सारख्या ओढीने फिरतो. मधोमध अडकल्यासारखा वाटला तर सुयांनी खाच पाडली आहे. खुळखुळा नसला तरी असा क्रॉस बदलायचा.

सर्कलिप (कप जागेवर अडवणारी कडी) काढताना कपावर थोपटून त्याचा ताण सैल करा. कप हातोडीने ठोकून काढण्यापेक्षा शिकंज्यात दोन सॉकेट लावून दाबा: एका बाजूला कपापेक्षा लहान, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल इतका मोठा. नळी शिकंज्यात धरू नका, योक धरा. पोचलेली नळी पुन्हा सरळ होत नाही. योकची छिद्रं घासून स्वच्छ करा, खरडा राहू देऊ नका.

नव्या क्रॉसमध्ये ग्रीसचं निप्पल कुठल्या बाजूला येईल ते आधी ठरवा. गाडीखाली ग्रीस गन पोहोचली पाहिजे. कपातल्या सुया ग्रीसने चिकटवून ठेवा. कप दाबताना एखादी सुई आडवी पडून तळाशी जाते, आणि सर्कलिप खाचेत बसत नाही. इथे लोक आणखी जोर लावतात. लावू नका. कप काढा, सुया मोजा, परत बसवा. चारही सर्कलिप पूर्ण बसल्यावर जॉइंट जड वाटला तर योकच्या कानांवर हातोडीने हलकेच ठोका, कप बाहेर सरकून सर्कलिपला टेकतात आणि क्रॉस मोकळा होतो. क्रॉस मधोमध बसणंही महत्त्वाचं. एका बाजूला सरकलेला क्रॉस सगळ्या शाफ्टला केंद्राबाहेर फिरवतो.

फ्लँजची तोंडं तारेच्या ब्रशने साफ करा. रंगाचा किंवा गंजाचा एक पापुद्रा मधे राहिला तरी शाफ्ट तिरका बसतो. बोल्ट मूळ ग्रेडचेच हवेत, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ जे असेल तेच. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे जीवघेणा आहे. लॉकनट नवे, आवळणं टॉर्क पान्याने आणि मॅन्युअलच्या आकड्याला. सेंटर बेअरिंगचे बोल्ट सर्वांत शेवटी, गाडी चाकांवर उभी करून आवळा. ब्रॅकेट शाफ्टला काटकोनात आहे आणि रबर पुढेमागे ताणलेलं नाही, एवढं बघून.

बॅलन्स

टायर पुढचे मागे करून पाहिले, कोन बरोबर, जॉइंट घट्ट, योक जागेवर, नळी सरळ, तरी ठरावीक वेगाला थरथर आहे, तेव्हाच बॅलन्सकडे वळा. उत्तम मार्ग म्हणजे पूर्ण शाफ्ट, दोन्ही तुकडे आणि सेंटर बेअरिंग जोडलेल्या अवस्थेत बॅलन्सिंग मशीनवर चढवणं. एकच तुकडा नेऊन उपयोग नाही.

मशीन जवळ नसेल तर जुनी युक्ती आहे. मागच्या शाफ्टच्या मागच्या टोकाला नळीभोवती खडूने चार समान भाग करून १ ते ४ आकडे टाका. पाइपला लावायची स्क्रूची होज क्लिप घट्ट बसवा, स्क्रूचं डोकं १वर. तेच आपलं वजन. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला चालवून बघा. मग २, ३, ४. ज्या जागी थरथर सर्वांत कमी, तिथे आणखी एक क्लिप त्याच रेषेत लावा. कमी झाली तर छान. वाढली तर दोन्ही डोकी त्या रेषेपासून डावीउजवीकडे सारखी थोडी थोडी दूर सरकवत न्या, म्हणजे वजनाचा परिणाम कमी होत जातो. क्लिप चासीला, ब्रेकच्या पाइपला किंवा केबलला घासत नाही हे प्रत्येक वेळी बघा. दोन क्लिपांनी भागत नसेल तर दोष दुसरीकडे आहे, तिसरी लावू नका.

ग्रीस

क्रॉसला लिथियम कॉम्प्लेक्स, ईपी, दोन नंबरचं ग्रीस बहुतेक ठिकाणी चालतं. निप्पल पुसून घ्या, नाहीतर तोंडावरची माती आतच जाते. चारही कपांच्या सीलमधून नवं ग्रीस दिसेपर्यंत गन दाबा. तिघांतून आलं आणि चौथ्यातून नाही, तर शाफ्ट हलवून तो कप मोकळा करत पुन्हा दाबा. तरी आलं नाही तर तो क्रॉस लवकरच जाणार, कारण त्या कपातल्या सुया कोरड्या आहेत. स्लिप जॉइंटला आधी हवेच्या छिद्रातून ग्रीस येईपर्यंत, मग छिद्रावर बोट ठेवून सीलमधून येईपर्यंत. मॅन्युअलमधलं अंतर पाळाच, पण ओढ्यातून किंवा साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर अंतर मोजत बसू नका, त्याच आठवड्यात ग्रीस मारा.

काम झालं की पहिल्या दिवशीची वही काढा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वजनाने, त्याच वेगांना पुन्हा चालवा. जुन्या आकड्यांच्या शेजारी नवे आकडे लिहा आणि उतारांची मापंही तिथेच ठेवा. पुढच्या वेळी पाटे उघडले किंवा सेंटर बेअरिंग बदललं, तर तीच मापं गाडी मूळ जागेवर आणायला लागतील.